स्थळपाहणी: मेडिकेअर योजनेतील निदान केंद्रांच्या पडताळणीचा इतिहास

सरकारी पैशावर चालणाऱ्या आरोग्यविमा योजनेला आपल्याकडे आलेल्या प्रत्येक बिलाबाबत दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. बिलात लिहिलेली चाचणी गरजेची होती का आणि ती नीट झाली का, हा पहिला प्रश्न वैद्यकशास्त्राशी निगडित आहे. तर बिल पाठवणारे केंद्र दिलेल्या पत्त्यावर खरोखर आहे का, तेथे यंत्रे आणि माणसे आहेत का, हा दुसरा प्रश्न साध्या प्रशासनाचा आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेचा पहिल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला, तर या दुसऱ्या, तुलनेने सोप्या प्रश्नाकडेच अधिक दुर्लक्ष झाल्याचे दिसते, आणि त्या दुर्लक्षाची किंमत मोजल्यानंतरच निदान केंद्रांच्या नोंदणीपूर्वी अधिकृत निरीक्षकाने पूर्वसूचना न देता केंद्रावर जाऊन केलेली तपासणी, म्हणजेच स्थळपाहणी, हा नियम रूढ झाला.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या उपस्थितीत मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जुलै १९६६ पासून ६५ वर्षांवरील सुमारे १ कोटी ९० लाख नागरिकांना तिचे संरक्षण मिळू लागले. योजनेचे तेव्हा दोन भाग होते: ‘भाग अ’मधून रुग्णालयातील उपचारांचा, तर ‘भाग ब’मधून डॉक्टरांची सेवा, बाहेरच्या चाचण्या आणि उपकरणे यांचा खर्च भागवला जाई. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनांनी या कायद्याला अनेक वर्षे कडवा विरोध केला होता आणि तो शमवण्यासाठी कायद्याच्या आरंभीच्या कलमांत अशी स्पष्ट ग्वाही देण्यात आली, की वैद्यकीय व्यवसाय कसा चालवावा यात संघराज्य सरकार हस्तक्षेप करणार नाही आणि सेवा कोणाकडून घ्यायची हे रुग्णाने स्वतः ठरवावे. याच भूमिकेतून बिले तपासण्याचे आणि पैसे देण्याचे कामही सरकारने स्वतःकडे न ठेवता खाजगी विमा कंपन्यांना कंत्राटाने दिले. ‘भाग ब’ची बिले हाताळणाऱ्या या कंपन्यांना ‘कॅरिअर’ म्हटले जाई. प्रवेश सुलभ ठेवायचा, बिले लवकर चुकती करायची आणि शंका आली तर मागाहून चौकशी करायची, हे धोरण त्या काळच्या राजकीय तडजोडीतून आले होते, आणि योजनेत डॉक्टरांनी सामील व्हावे यासाठी ते आवश्यकही मानले गेले.

चाचण्या करणाऱ्या सर्वच संस्थांना सरकारने मोकळे सोडले होते असे मात्र नाही. रक्त, लघवी, पेशी यांसारख्या नमुन्यांवर काम करणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळांना मेडिकेअरच्या आरंभापासून ठरावीक अटी पाळाव्या लागत आणि त्या पाळल्या जातात की नाही हे राज्य सरकारांच्या यंत्रणा तपासत. १९६७ च्या प्रयोगशाळा सुधारणा कायद्याने आंतरराज्य व्यवहार करणाऱ्या प्रयोगशाळांवर परवान्याचे बंधन घातले. पुढे १९८७ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पॅप चाचणीतील गंभीर चुका ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उघडकीस आणल्यावर १९८८ च्या सुधारित कायद्याने जवळपास प्रत्येक वैद्यकीय प्रयोगशाळेला संघराज्याच्या देखरेखीखाली आणले. स्तनांच्या एक्स-रे तपासणीसाठी १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि अशा केंद्रांची वार्षिक तपासणी सुरू झाली. हे सर्व कायदे प्रामुख्याने चाचणीच्या गुणवत्तेविषयी होते, आणि त्यांच्या कक्षेबाहेर एक मोठे क्षेत्र शिल्लक राहिले होते.

हे क्षेत्र शरीराच्या कार्याचे थेट मापन करणाऱ्या चाचण्यांचे होते. हृदयाचा विद्युत आलेख, दिवसभर छातीवर बांधून ठेवायचे हृदयलेखन यंत्र, ध्वनिलहरींनी रक्तवाहिन्या पाहण्याची डॉपलर तपासणी, सोनोग्राफी, फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी आणि झोपेचा अभ्यास या चाचण्यांत नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा नसतो. यंत्र रुग्णाला जोडायचे आणि त्याची नोंद डॉक्टरांनी वाचायची असते. मेडिकेअरच्या दरपत्रकात अशा चाचणीच्या मोबदल्याचे दोन हिस्से असतात: यंत्र, जागा आणि तंत्रज्ञ यांचा खर्च म्हणजे तांत्रिक हिस्सा, आणि नोंदीचा अर्थ लावून अहवाल देण्याचे डॉक्टरांचे शुल्क म्हणजे व्यावसायिक हिस्सा. यंत्रे लहान, हलकी आणि स्वस्त होत गेली तसा केवळ तांत्रिक हिस्सा कमावणारा एक वेगळा व्यवसाय उभा राहिला, ज्याला मेडिकेअरच्या परिभाषेत ‘स्वतंत्र शरीरक्रिया प्रयोगशाळा’ असे नाव होते. या प्रयोगशाळा रुग्णालयाचा भाग नव्हत्या, डॉक्टरांचा दवाखानाही नव्हत्या आणि नमुन्यांवर काम करत नसल्याने प्रयोगशाळा कायद्यातही बसत नव्हत्या. त्यामुळे त्या कोणी चालवाव्यात, तंत्रज्ञाची पात्रता काय असावी, देखरेख कोणी करावी, याविषयी संघराज्याचा एकसंध नियम नव्हता.

या पोकळीचा गैरफायदा किती मोठ्या प्रमाणावर घेता येतो, हे १९८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘रोलिंग लॅब’ प्रकरणाने दाखवून दिले. व्यायामशाळा, वृद्धांची निवासस्थाने आणि तात्पुरत्या दवाखान्यांत यंत्रे नेऊन लोकांना मोफत किंवा नाममात्र दरात आरोग्यतपासणीचे आमिष दाखवले जाई, प्रत्येकावर एकापाठोपाठ एक अनेक चाचण्या केल्या जात आणि विमा स्वीकारला जावा म्हणून कागदावर खोटी लक्षणे आणि खोटी निदाने लिहिली जात. खाजगी विमा कंपन्या आणि सरकारी योजना यांच्याकडे हा उद्योग चालवणाऱ्या टोळीने पाठवलेल्या बिलांची रक्कम सुमारे १ अब्ज डॉलरच्या घरात होती आणि कंपन्यांची नावे व पत्ते सतत बदलत राहिल्याने तपास यंत्रणांना तिचा माग काढणे कठीण गेले. यात पैशांइतकेच गंभीर असे आणखी एक नुकसान होते: निरोगी माणसांच्या वैद्यकीय नोंदींत त्यांना कधीच न झालेले आजार शिरले.

हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासक माल्कम स्पॅरो यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायसन्स टू स्टील’ या ग्रंथात या रोगाचे मूळ नेमके सांगितले. बिले तपासणारी यंत्रणा बिल नियमानुसार भरले आहे का एवढेच पाहते, त्यातील मजकूर खरा आहे का हे पाहण्याची सोय तिच्यात नसते. म्हणून जो लबाड माणूस अर्ज आणि बिले बिनचूक भरायला शिकतो त्याला ही यंत्रणा आपसूक पैसे देत राहते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. हा युक्तिवाद मान्य केला की स्थळपाहणीची गरज ओघानेच सिद्ध होते, कारण कागद कितीही तपासला तरी कागदाबाहेरच्या वास्तवाची साक्ष तो स्वतः देऊ शकत नाही.

१९९० च्या दशकात या जाणिवेला प्रशासकीय रूप येऊ लागले. १९७७ पासून मेडिकेअरचा कारभार पाहणाऱ्या आरोग्य अर्थप्रशासन विभागाने (२००१ मध्ये याच विभागाचे नाव बदलून ‘सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस’, म्हणजे सीएमएस, असे झाले) चाकाच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रे अशी वैद्यकीय उपकरणे पुरवणाऱ्यांच्या नोंदणीचे काम १९९३ मध्ये एका राष्ट्रीय केंद्राकडे सोपवले. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, न्यूयॉर्क, टेक्सस आणि इलिनॉय या पाच राज्यांत ‘ऑपरेशन रिस्टोर ट्रस्ट’ ही गैरव्यवहारविरोधी मोहीम सुरू झाली, तर १९९६ च्या आरोग्यविमा कायद्याने अशा कामासाठी कायमस्वरूपी निधीची तरतूद केली. याच सुमारास देशभर एकच नोंदणी अर्ज लागू झाला. ‘८५५’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या अर्जात मालक कोण, व्यवस्थापक कोण, जागा कोठे आणि पूर्वीचे गुन्हे कोणते, हे लेखी सांगणे बंधनकारक झाले.

निदान केंद्रांच्या इतिहासात निर्णायक ठरला तो ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध झालेला नियम. त्याने ‘स्वतंत्र शरीरक्रिया प्रयोगशाळा’ हा सैल प्रकार मोडीत काढून ‘स्वतंत्र निदान चाचणी केंद्र’ हा नवा प्रकार निर्माण केला, जो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयडीटीएफ’ या नावाने ओळखला जातो. असे केंद्र एका जागी स्थिर असू शकते किंवा वाहनातून फिरतेही असू शकते, मात्र ते रुग्णालय आणि डॉक्टरांचा दवाखाना यांपासून स्वतंत्र असले पाहिजे. केंद्रावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचे नाव नोंदवणे सक्तीचे झाले आणि एका डॉक्टरांना तीनपेक्षा अधिक ठिकाणांची सर्वसाधारण देखरेख करण्यास मनाई झाली, कारण केवळ सहीपुरते नाव देणारे डॉक्टर हीच जुन्या प्रयोगशाळांची मोठी ढाल होती. तंत्रज्ञांकडे राज्याचा परवाना किंवा मान्यताप्राप्त राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र असण्याची अट आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा लेखी आदेश हवा, देखरेख करणाऱ्या डॉक्टरांनी तो स्वतः काढू नये (ते त्याच रुग्णावर उपचार करत असतील तर गोष्ट वेगळी) आणि केंद्राने आपल्या अंतर्गत पद्धतीच्या नावाखाली आदेशात नसलेल्या चाचण्या जोडू नयेत, असे ठरले. चाचणी करून पैसे मिळवणारा आणि चाचणीची गरज ठरवणारा हे दोघे वेगळे असावेत, हे तत्त्व या नियमाच्या गाभ्याशी होते.

नियम चांगला असला तरी तो पाळला जातो का, हे पाहणारी यंत्रणा दुबळी राहिली. अर्ज भरताना दाखवलेले तंत्रज्ञ, यंत्रे आणि देखरेख करणारे डॉक्टर पुढे बदलत आणि त्याची माहिती कंत्राटदार कंपनीला मिळत नसे. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने, म्हणजे खात्याच्या खर्चाची आणि कारभाराची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या यंत्रणेने, २००१ या वर्षातील आयडीटीएफच्या बिलांची नमुना तपासणी केली आणि २००६ मध्ये दिलेल्या अहवालात सुमारे ७ कोटी १५ लाख डॉलरची देयके नियमबाह्य असण्याची शक्यता वर्तवली. केंद्रे नोंदणीच्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे चालतात का हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष भेटींचा विचार करावा, ही त्या अहवालातील शिफारस पुढच्या घडामोडींची नांदी ठरली. याच काळात शरीराच्या आतील चित्रे घेणाऱ्या चाचण्यांवरील खर्च झपाट्याने वाढत होता. ‘भाग ब’मधील हा खर्च २००० ते २००६ या सहा वर्षांत दुपटीहून अधिक होऊन सुमारे १४ अब्ज डॉलरवर पोहोचला होता आणि त्यामुळे या क्षेत्राकडे काटेकोरपणे पाहणे सरकारला भागच होते.

एप्रिल २००६ मध्ये सीएमएसने नोंदणीचे सर्वसाधारण नियम एकत्र करून कोणत्याही सेवादात्याच्या जागेची पाहणी करण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला आणि १ जानेवारी २००७ पासून आयडीटीएफसाठी १४ कार्यमानके लागू केली. या मानकांची भाषा वाचली की आधी काय काय घडले असेल याची कल्पना येते, कारण प्रत्येक मानकामागे फसवणुकीची एक परिचित रीत उभी आहे. केंद्राला रीतसर जागा हवी आणि टपालपेटी, भाड्याची पत्रपेटी, हॉटेल किंवा मोटेल यांना जागा मानले जाणार नाही. जागेत यंत्रांसाठी पुरेशी मोकळीक, हात धुण्याची सोय, रुग्णाला आडोसा आणि नोंदी ठेवण्याची व्यवस्था असली पाहिजे. दूरध्वनी केंद्राच्याच नावाने आणि त्याच जागी असावा, यंत्रे उत्पादकाच्या सूचनांनुसार प्रमाणित केलेली असावीत, वाहून नेता येणाऱ्या यंत्रांची अनुक्रमांकासह यादी असावी, रुग्णांना थेट गळ घालून आणू नये, त्यांच्या तक्रारींची नोंद ठेवावी आणि ही मानके सर्वांना दिसतील अशी लावावीत. शेवटी, कामाच्या वेळा दर्शवणारी पाटी बाहेर असावी आणि त्या वेळांत सीएमएस किंवा तिच्या प्रतिनिधीला पूर्वसूचनेशिवाय तपासणी करू द्यावी, ही अट होती. बाकीच्या साऱ्या अटींचा पडताळा याच अटीवर अवलंबून असल्याने तिचे महत्त्व वेगळे आहे.

पुढच्या दोन वर्षांत मानकांची संख्या वाढून १७ झाली. प्रत्येक ठिकाणासाठी किमान ३ लाख डॉलरचा दायित्व विमा आवश्यक ठरला. मालकी, पत्ता, देखरेख करणारे डॉक्टर किंवा प्रतिकूल न्यायालयीन कारवाई यांतील बदल ३० दिवसांत कळवण्याचे बंधन आले. आणि रुग्णालयातील व फिरती केंद्रे वगळता कोणत्याही आयडीटीएफने आपली जागा किंवा यंत्रे मेडिकेअरमध्ये नोंदलेल्या दुसऱ्या संस्थेबरोबर वाटून घेऊ नयेत, असा नियम झाला. दवाखान्याच्या एका खोलीत तासाच्या भाड्याने केंद्र चालवायचे आणि जागेच्या भाड्याच्या रूपाने डॉक्टरांना रुग्ण पाठवण्याचा मोबदला द्यायचा, हा प्रघात त्याने रोखला.

दरम्यान, कागदावर असलेली केंद्रे जागेवर असतातच असे नाही, याचे सर्वांत स्पष्ट पुरावे फ्लोरिडातून आले. महानिरीक्षक कार्यालयाच्या पथकांनी दक्षिण फ्लोरिडाच्या तीन परगण्यांतील १,५८१ उपकरण पुरवठादारांना अचानक भेटी दिल्या तेव्हा ४९१ ठिकाणी, म्हणजे सुमारे ३१ टक्के प्रकरणांत, दुकानच नव्हते किंवा कामाच्या वेळेत ते उघडे नव्हते; हा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच रीत निदान केंद्रांना लावून २०११ मध्ये मायामी परिसरातील ९२ आयडीटीएफची पाहणी मांडण्यात आली, तेव्हा २७ केंद्रे नोंदवलेल्या पत्त्यावर नव्हती किंवा ठरलेल्या वेळेत बंद होती. लॉस एंजेलिस परिसरातील अशाच फेरीतही नियमभंग आढळले. या पाहण्यांत निरीक्षकांना वैद्यकीय ज्ञानाचा फारसा उपयोग करावा लागला नाही. दार उघडे आहे का आणि आत कोणी आहे का, एवढ्या प्रश्नांनीच काम भागले.

२३ मार्च २०१० रोजी संमत झालेल्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ने या अनुभवाला कायद्याचे बळ दिले. त्यानुसार २५ मार्च २०११ पासून मेडिकेअरमध्ये प्रवेश मागणाऱ्यांची धोक्याच्या प्रमाणावरून मर्यादित, मध्यम आणि उच्च अशा तीन स्तरांत विभागणी झाली. डॉक्टर आणि रुग्णालये मर्यादित स्तरात आली, जेथे परवाना आणि कागदपत्रांची छाननी पुरेशी मानली जाते; नव्याने येणारे उपकरण पुरवठादार आणि घरपोच शुश्रूषा संस्था उच्च स्तरात गेल्या, जेथे मालकांच्या बोटांचे ठसेही घेतले जातात; आणि रुग्णवाहिका सेवा, स्वतंत्र प्रयोगशाळा व फिरते एक्स-रे पुरवठादार यांच्याबरोबर आयडीटीएफना मध्यम स्तरात ठेवून त्यांच्यासाठी अचानक स्थळपाहणी अनिवार्य करण्यात आली. नोंदणी एकदा मिळाली की कायमची, ही जुनी समजूतही संपली, कारण साधारणतः दर पाच वर्षांनी फेरपडताळणी होऊ लागली. २०११ च्या अखेरीस सीएमएसने बहुतेक पाहण्या एका राष्ट्रीय कंत्राटदाराकडे सोपवल्या, ज्यामुळे बिले चुकती करणारी कंपनी आणि जागा पाहणारी संस्था वेगळ्या झाल्या.

प्रत्यक्ष पाहणीचे स्वरूप साधे असते. निरीक्षक छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि सीएमएसच्या स्वाक्षरीचे अधिकारपत्र घेऊन कामाच्या वेळेत येतो, पत्ता व पाटी पाहतो, कर्मचारी आणि यंत्रे यांची खातरजमा करतो, छायाचित्रे घेतो आणि आपला अहवाल देतो. केंद्र ‘चालू’ आहे का, हा त्याचा मुख्य प्रश्न असतो आणि नियमांत या शब्दाचा अर्थ निश्चित केलेला आहे: योग्य जागा, लोकांसाठी खुले असणे, बिल पाठवण्याची तयारी, तसेच सेवेला आवश्यक तेवढे कर्मचारी, साधने आणि साहित्य. या कसोटीला न उतरल्यास अर्ज नाकारला जातो किंवा आधीची नोंदणी रद्द होते आणि पुन्हा अर्ज करण्यावर काही वर्षांची बंदी येते. ही बंदी पूर्वी कमाल तीन वर्षांची होती, २०१९ पासून ती दहा वर्षांपर्यंत वाढवता येते. रद्द झालेल्या केंद्राला फेरविचाराचा आणि त्यानंतर आरोग्य खात्याच्या अपील मंडळापर्यंत जाण्याचा मार्ग खुला असतो. जागा बदलल्याची सूचना वेळेत न दिल्याने किंवा भेटीच्या घटकेला दार बंद असल्याने प्रामाणिक पण लहान केंद्रालाही मोठा फटका बसू शकतो, ही या व्यवस्थेविरुद्धची तक्रार निराधार नाही, आणि म्हणूनच अपिलाची सोय तपासणीइतकीच जपायला हवी.

स्थळपाहणीने प्रश्न पूर्णपणे सुटला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकी संसदेच्या वतीने लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयाने, म्हणजे जीएओने, जून २०१५ च्या अहवालात मेडिकेअरकडे नोंदलेल्या सेवास्थानांच्या, प्राथमिक छाननीत शंकास्पद ठरलेल्या १,०५,२३४ पत्त्यांपैकी अंदाजे २३,४०० पत्ते, म्हणजे सुमारे २२ टक्के, अपात्र असू शकतात असा निष्कर्ष काढला. त्यांत रिकाम्या जागा आणि पत्रपेट्या भाड्याने देणारी दुकानेही होती. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जनुकीय चाचण्यांच्या गैरव्यवहारात ३५ जणांवर आरोप ठेवले, ज्यात २.१ अब्ज डॉलरहून अधिक नुकसानीचा ठपका होता. आरोपांनुसार, दूरध्वनीवरून वृद्धांना भुलवून, त्यांना कधीही न तपासलेल्या डॉक्टरांकडून चाचण्यांचे आदेश मिळवले जात होते. अशा प्रकरणात प्रयोगशाळेचे दार उघडे असते, यंत्रेही चालू असतात. खोटी असते ती चाचणीची गरज, आणि ती कोणत्याही निरीक्षकाला जागेवर जाऊन दिसत नाही.

तंत्रज्ञानानेही या पद्धतीपुढे नवा पेच उभा केला आहे. हृदयाची लय दूरवरून नोंदवणाऱ्या सेवांत यंत्र रुग्णाच्या घरी असते, नोंद संगणकाकडे जाते आणि केंद्रात एकही रुग्ण पाऊल ठेवत नाही; तेथे तक्रारवही किंवा रुग्णासाठी आडोसा मागण्यात अर्थ उरत नाही. २०२२ च्या दरपत्रकाबरोबर सीएमएसने रुग्णाशी थेट संबंध न येणाऱ्या अशा आयडीटीएफना काही मानकांतून सूट दिली, मात्र जागेची आणि पाहणीची मूळ अट कायम ठेवली.

या साऱ्या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. स्थळपाहणी केंद्राच्या अस्तित्वाची खात्री देते. चाचणीची गरज ठरवण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी आदेशाचे आहे, आणि या दोन कसोट्यांपैकी एकीने दुसरीची जागा घ्यावी अशी अपेक्षा धरणे चूक आहे. तरीही पहिली कसोटी अगोदर लावली गेली पाहिजे, कारण जे केंद्र मुळात नाही त्याच्या बिलाची वैद्यकीय छाननी करत बसण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. मेडिकेअरला हा धडा शिकायला सुमारे चार दशके लागली. लोकांच्या पैशातून आरोग्यविमा चालवू पाहणाऱ्या कोणत्याही सरकारने तो योजनेच्या पहिल्याच दिवशी आपल्या नियमांत लिहून ठेवावा.